चिंता, केशवाहिन्या आणि सिकलसेल : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

मराठीत भय आणि चिंता व्यक्त करणारे बहुतेक वाक्प्रचार शरीराच्या आधाराने घडलेले आहेत. छातीत धस्स होते, घशाला कोरड पडते, पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात. हे नुसते भाषेचे अलंकार नव्हेत. पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण त्यांत साठलेले आहे. त्यांतील शेवटचा वाक्प्रचार तर शरीरक्रियाविज्ञानाच्या दृष्टीने अक्षरशः खरा आहे. चिंताग्रस्त मनुष्याचे हातपाय खरोखरच गार पडतात, कारण त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यांतून वाहणाऱ्या उबदार रक्ताचे प्रमाण घटते.

निरोगी मनुष्याच्या बाबतीत ही घटना क्षणिक व निरुपद्रवी असते. चिंतेचे कारण सरले की रक्तवाहिन्या पूर्ववत होतात. परंतु ज्याच्या तांबड्या पेशींतच एक जन्मजात दोष आहे, त्याच्या बाबतीत हेच आकुंचन तीव्र वेदनेला निमित्त होऊ शकते. हा दोष म्हणजे सिकलसेल विकार होय. महाराष्ट्रात ज्या भागांत तो विशेषत्वाने आढळतो, त्यांत सातपुड्याच्या कुशीतील नंदुरबार जिल्ह्याची गणना होते. चिंतेचा शरीरावर परिणाम कसा होतो, या सामान्य प्रश्नाचे उत्तर या जिल्ह्याच्या संदर्भात शोधू गेल्यास ते केवळ मानसशास्त्राचे राहत नाही. रक्तविज्ञान, हवामान, मजुरीची पद्धत आणि दवाखान्यापर्यंतचे अंतर या सर्वांशी ते जोडले जाते. प्रस्तुत विवेचनाचा हेतू ही जोड स्पष्ट करण्याचा आहे.

१. चिंतेची शारीरिक यंत्रणा

भीती आणि चिंता यांत मानसशास्त्र भेद करते. भीतीला समोर उभे असलेले कारण असते. चिंतेचे कारण बहुधा पुढे येऊ घातलेले, अनिश्चित आणि कित्येकदा अस्पष्ट असते. शरीर मात्र हा भेद फारसा मानीत नाही. वाट अडविणारे जनावर आणि उद्या फेडावयाचे कर्ज, या दोहोंनाही ते जवळजवळ एकाच पद्धतीने उत्तर देते.

या उत्तराचे पहिले व्यवस्थित विवरण अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक वॉल्टर कॅनन यांनी 1915 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केले. वेदना, भूक, भय आणि क्रोध या अवस्थांत शरीर झुंजण्यास अथवा पळण्यास सिद्ध होते, हे त्यांचे प्रतिपादन आज सर्वमान्य आहे. पुढे 1936 साली हान्स सेलिए यांनी, निरनिराळ्या प्रकारचे आघात झाले तरी शरीराच्या प्रतिसादात एक समान आकृतिबंध दिसतो, हे प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले. ताण ही संज्ञा आज ज्या अर्थाने रूढ आहे, तिचा उगम या कार्यात आहे.

चिंतेचा संदेश मेंदूपासून शरीरापर्यंत दोन मार्गांनी पोचतो. पहिला मार्ग शीघ्रगती आहे. अनुकंपी चेतासंस्थेचे तंतू हृदय, आतडी, घर्मग्रंथी व रक्तवाहिन्यांच्या भित्तिका यांपर्यंत गेलेले असतात. त्यांच्या टोकांशी नॉरॲड्रेनॅलीन हे द्रव्य स्रवते आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रेनॅलीन सोडतात. हे काही सेकंदांतच घडते. नाडी जलद होते, श्वास वाढतो, लाळ आटते, पचन मंदावते. रक्ताची विभागणीही बदलते. परिश्रमास सिद्ध होणाऱ्या मोठ्या स्नायूंकडे रक्त वळविले जाते आणि त्वचा व आतडी यांच्या लहान रोहिण्या आकसून तेथील प्रवाह कमी केला जातो. बोटे गार पडतात ती यामुळेच.

दुसरा मार्ग मंदगती आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या अधोथॅलॅमसकडून पोष ग्रंथीला आणि तिच्याकडून अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकाला आदेश जातो व कॉर्टिसॉल हे हॉर्मोन रक्तात येते. रक्तातील साखर वाढविणे, शरीरातील दाह आवरून धरणे ही त्याची कामे होत. अल्पकाळ ती उपकारक ठरतात. परंतु चिंता महिनोन्‌महिने टिकून राहिली तर झोप, भूक, रक्तदाब आणि रोगप्रतिकारशक्ती या सर्वांवर तिचा भार पडतो.

श्वासाचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. चिंताग्रस्त मनुष्य शरीराच्या गरजेपेक्षा अधिक श्वसन करतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटते, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोके हलके वाटते आणि बोटांना मुंग्या येतात. मधूनमधून तो उसासे टाकतो. हा उसासा पुढील विवेचनात पुन्हा येणार आहे.

२. सिकलसेल विकाराचे स्वरूप

शिकागो येथील वैद्य जेम्स हेरिक यांनी 1910 साली एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या लांबट तांबड्या पेशी आढळल्याचे नोंदविले. 1949 साली लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हीमोग्लोबिनच्या रेणूचा विकार असल्याचे सिद्ध केले, आणि त्यानंतर काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रॅम यांनी त्या रेणूतील नेमका फरक शोधून काढला. हीमोग्लोबिनच्या बीटा शृंखलेत सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन हे ॲमिनो अम्ल असते. एवढ्याशा बदलाने पुढील सर्व अनर्थ घडतो.

हे सदोष हीमोग्लोबिन प्राणवायू धारण करून असते तोवर विद्राव्य राहते. ऊतींना प्राणवायू देऊन ते रिकामे झाले की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब ताठर तंतू बनतात व पेशी विळ्यासारखी वाकडी होते. निरोगी तांबडी पेशी लवचीक असते आणि स्वतःच्या व्यासापेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही घडी घालून निघून जाते. विळ्याच्या आकाराची पेशी तशी जाऊ शकत नाही. ती अडकते, मागून येणाऱ्या पेशी अडकतात, आणि त्या वाहिनीवर विसंबून असलेला हाडाचा वा स्नायूचा भाग प्राणवायूवाचून तळमळू लागतो. रुग्णाला येणारी तीव्र वेदना ती हीच. अशा पेशींचे आयुष्यही अल्प असते. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस टिकते, तर ही पेशी दहा ते वीस दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे पांडुरोग कायमचा मागे लागतो.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. प्रत्येक फेरीत पेशी प्राणवायू देऊन रिकामी होतेच. तर मग रुग्णाला अखंड वेदना का होत नाहीत? याचे उत्तर काळाच्या हिशेबात आहे. प्राणवायू गेल्याबरोबर तंतू बनत नाहीत. त्यास थोडा विलंब लागतो. केशवाहिनी ओलांडण्यास पेशीला सामान्यतः एखाद-दोन सेकंद लागतात. बहुसंख्य पेशी तंतू बनण्यापूर्वीच केशवाहिनी ओलांडून रुंद नीलांत पोचतात आणि फुप्फुसात प्राणवायू मिळताच पूर्ववत होतात. रुग्णाचे स्वास्थ्य या शर्यतीवर अवलंबून असते. जे जे कारण पेशीचा केशवाहिनीतील मुक्काम लांबविते, ते ते कारण शर्यतीचा निकाल उलटवू शकते. थंडी हे असे कारण आहे, शरीरातील पाणी घटणे हे दुसरे. आणि चिंतेने होणारे रक्तवाहिन्यांचे आकुंचन हेही याच मालिकेत येते.

३. नंदुरबार जिल्ह्यातील स्थिती

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. नंदुरबार, नवापूर, शहादे, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी असे त्याचे सहा तालुके. उत्तरेस नर्मदा, मध्ये सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेकडे तापीचे खोरे. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 16,48,295 असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे 69 टक्के आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी हे येथील प्रमुख समाज होत.

भारतातील आदिवासी समाजांत हा दोष असल्याचे प्रथम 1952 साली निलगिरीत लेमन आणि कटबुश यांच्या निरीक्षणातून उघड झाले. महाराष्ट्रातील प्रसाराचा विस्तृत अभ्यास पुण्याचे डॉ. एस. एल. काटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांच्या 2002 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ज्या जमातींमध्ये वाहकांचे प्रमाण 20 ते 35 टक्क्यांच्या दरम्यान आढळले, त्यांत भिल्ल आणि पावरा यांचा समावेश आहे. एवढे प्रमाण टिकून राहण्याचे कारण हिवतापात आहे. सदोष जनुकाची एकच प्रत असणाऱ्या व्यक्तीला तीव्र हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी 1954 साली पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखविले. हिवतापाच्या प्रदेशात जे जनुक एका प्रतीने तारक ठरते, तेच दोन प्रतींनी मारक ठरते.

वीस टक्के या आकड्याचा अर्थ साध्या गणिताने कळतो. एखाद्या समाजात शंभरांतील वीस जण वाहक असतील आणि विवाह यदृच्छेने जुळत असतील, तर दर शंभर जोडप्यांपैकी चार जोडप्यांत पतिपत्नी दोघेही वाहक असतील. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास विकार होण्याची शक्यता एक चतुर्थांश असते. म्हणजे दर शंभर जन्मांमागे सुमारे एक बालक हा विकार घेऊन येईल. एकेका आश्रमशाळेत असे एकाहून अधिक विद्यार्थी असू शकतात.

४. चिंता आणि वेदना यांचा प्रयोगसिद्ध संबंध

चिंतेने वेदना उठते, असे रुग्ण पूर्वीपासून सांगत आले आहेत. वैद्यकाने त्याकडे बराच काळ साशंकतेने पाहिले. अलीकडील प्रयोगांनी मात्र या कथनाला भक्कम आधार दिला आहे.

लॉस एंजेलिस येथील बालरुग्णालयातील संशोधकांचा 2020 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यात सिकलसेल रुग्ण व निरोगी व्यक्ती या दोन्ही गटांना तीन प्रकारची मानसिक कामे देण्यात आली : स्मरणाची कसोटी; शब्दाचा अर्थ आणि त्याच्या शाईचा रंग यांत विरोध असलेली स्ट्रूप कसोटी; आणि आता वेदना दिली जाणार आहे, असे सांगून वाट पाहावयास लावणे. बोटातील रक्तप्रवाह प्रकाशाच्या साहाय्याने मोजण्यात आला. तिन्ही प्रसंगी दोन्ही गटांत प्रवाह घटला. आणि सर्वाधिक आकुंचन झाले ते वेदनेच्या नुसत्या अपेक्षेने. प्रतिसादाचे स्वरूप दोन्ही गटांत सारखेच होते. परंतु मुळातच अधिक चिंतायुक्त असण्याचा परिणाम आकुंचनावर सिकलसेल रुग्णांत दिसला, निरोगी गटात दिसला नाही.

याच गटातील संशोधकांनी 2011 साली उसाशांविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. खोल उसाशानंतर बोटातील रक्तवाहिन्या आकसण्याची घटना सिकलसेल रुग्णांत निरोगी व्यक्तींपेक्षा पुष्कळ अधिक वेळा घडते, असे त्यांना आढळले. उसासा ही चिंतेची सर्वांत सामान्य खूण. तीच येथे रक्तप्रवाहाच्या नोंदीत उमटलेली दिसते.

प्रयोगशाळेबाहेरील पुरावा दैनंदिनींच्या अभ्यासातून मिळतो. अमेरिकेत कॅरेन गिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रौढ रुग्णांनी रोजची मनःस्थिती, ताण आणि वेदना यांची नोंद ठेवली. ताण वाढला त्या दिवशी वेदनाही वाढलेली आढळली. मन प्रसन्न असलेल्या दिवशी ती कमी होती. व्हर्जिनियातील 2008 सालच्या अशाच एका अभ्यासात नोंदलेल्या दिवसांपैकी निम्म्याहून अधिक दिवस वेदनेचे होते, परंतु दवाखान्यात जाण्याचे दिवस अगदी थोडे होते. रुग्णालयाच्या नोंदवहीत जे दिसते ते रुग्णाच्या दुःखाचा लहानसा अंश असते, हा त्याचा अर्थ.

हा पुरावा वाचताना संयम राखला पाहिजे. दैनंदिनीत ताण आणि वेदना बरोबरीने येतात, एवढ्यावरून कोण आधी व कोण मागून हे ठरत नाही. वेदनाच चिंतेला जन्म देते हेही तितकेच खरे. प्रयोगात मोजले गेले ते आकुंचन, प्रत्यक्ष वेदनेचा झटका नव्हे. शिवाय संसर्ग, ताप, पाण्याची कमतरता, थंडी आणि अतिश्रम ही झटक्याची परिचित कारणे असून कित्येक झटक्यांना कोणतेच कारण सापडत नाही. चिंता हे अनेक कारणांपैकी एक आहे; मात्र ते खरे आणि मोजता येण्याजोगे आहे.

५. कारणांची एकत्र गुंफण

नंदुरबारच्या डोंगराळ भागात ही कारणे एकेकटी येत नाहीत. हिवाळ्यात तोरणमाळ व अक्राणीच्या पठारांवर रात्री बोचरी थंडी असते. थंडी आणि चिंता या दोहोंचा परिणाम एकाच रक्तवाहिनीवर आणि एकाच अनुकंपी तंतूच्या द्वारे होतो. म्हणून थंडीच्या दिवसांतील चिंता अधिक धोक्याची ठरते.

मजुरीची पद्धत ही दुसरी बाब. पावसाळा सरल्यावर जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी या ऊसतोडीचा दीर्घकाळ अभ्यास केला असून खानदेशातून येणाऱ्या टोळ्यांचे वर्णन त्यांच्या लेखनात आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती अंगमेहनतीने फेडावयाची असते. अशा कुटुंबातील एखाद्याला हा विकार असल्यास अतिश्रम, उघड्यावरची थंड रात्र आणि अपुरे पाणी ही तिन्ही शारीरिक कारणे तर जमतातच; शिवाय एक दिवस आजारात गेला तर उचल अंगावर राहील, ही चिंता त्यांत भर घालते. वेदना येईल या भीतीने रक्तवाहिन्या आकसतात, आणि आकसलेल्या रक्तवाहिन्या वेदनेला वाट करून देतात. हे चक्र केवळ मनाची समजूत घालून तुटणारे नाही, कारण त्यातील चिंतेला प्रत्यक्ष आधार आहे.

तिसरी बाब अंतराची. पाड्यावरून पक्क्या रस्त्यापर्यंत चालत यावे लागते तेथे रात्री वेदना उठल्यास काय करावयाचे, हा प्रश्न रुग्णाच्या आईसमोर प्रत्येक सायंकाळी उभा असतो. जवळच्या आरोग्य केंद्रात वेदनाशामक औषध निश्चित मिळेल एवढी खात्री असणे, हाही चिंतेवरील एक उपाय ठरतो. सुविधा आणि मनःस्वास्थ्य या दोन वेगळ्या गोष्टी मानण्याची सवय येथे अपुरी पडते.

चौथी बाब तपासणीची. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून प्रारंभ झाला आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. प्राथमिक विद्राव्यता चाचणी वाहक आणि रुग्ण या दोघांतही होकारार्थी येते. त्यांतील भेद विद्युत्संचारणासारख्या दुसऱ्या चाचणीनेच कळतो. वाहक हा सामान्यतः निरोगी असतो आणि त्याला औषधाची गरज नसते. परंतु दोन चाचण्यांमधल्या काळात, आणि पुष्कळदा त्यानंतरही, ‘सिकल निघाली’ हा एकच शब्दप्रयोग दोघांसाठी केला जातो. त्यातून निरोगी तरुणीच्या विवाहात अडथळा येतो आणि घरात अकारण भीती शिरते. चिंता कमी करण्याच्या हेतूने आखलेली तपासणी, भाषेच्या ढिलाईमुळे, नवी चिंता निर्माण करू शकते.

६. उपचार आणि संशोधन यांच्या दिशा

वरील विवेचनावरून दोन चुका टाळणे आवश्यक ठरते. पहिली चूक, रुग्णाने चिंतेचा उल्लेख करताच त्याच्या वेदनेला मनाचा खेळ समजणे. चिंतेने सुरू झालेली वेदनाही रक्तवाहिनीतील अडथळ्याचीच वेदना असते. तिला औषध लागते, पाणी लागते, ऊब लागते. दुसरी चूक याच्या नेमकी उलट : चिंता करतोस म्हणून दुखते, असे म्हणून दोष रुग्णाच्या माथी मारणे. अनुकंपी चेतासंस्था इच्छेच्या अधीन नसते. आणि ज्याच्या घरी उचल, थंडी व अंतर या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्याला निश्चिंत राहण्याचा उपदेश करणे व्यर्थ होय.

उपचाराचा पाया वैद्यकीयच राहील. हायड्रॉक्सियूरिया, फॉलिक अम्ल, संसर्गाचा तत्पर उपचार, पुरेसे पाणी आणि उबदार कपडे यांना पर्याय नाही. त्यांच्या जोडीला संथ श्वसनाचा सराव, निजण्याच्या वेळा आणि वेदनेच्या पूर्वखुणा ओळखण्याचे शिक्षण यांचे स्थान आहे. आश्रमशाळेतील शिक्षकाला एवढे ठाऊक असले की परीक्षेच्या दिवसांत आणि कडाक्याच्या थंडीत अशा विद्यार्थ्याकडे विशेष लक्ष ठेवावयाचे आहे, तरी पुष्कळ साधेल.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी येथे कामाचे विस्तृत क्षेत्र आहे. चिंतामापनाच्या प्रचलित प्रश्नावल्या लिहिता-वाचता येणाऱ्या शहरी व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवून रचलेल्या आहेत. मराठीत त्यांचे भाषांतर केल्याने पावरी किंवा मावची बोलणाऱ्या रुग्णाची चिंता मोजली जाते, असे मानणे धाडसाचे होईल. त्या त्या बोलीत चिंता कोणत्या शब्दांनी आणि शरीराच्या कोणत्या अवयवाच्या आधाराने सांगितली जाते, याचा शब्दसंग्रह आधी व्हावयास हवा. चित्रांच्या साहाय्याने ठेवता येईल अशी वेदनेची दैनंदिनी, स्थलांतराच्या व परतीच्या महिन्यांतील नोंदींची तुलना, आणि निदान सांगण्याच्या पद्धतीचा घरातील चिंतेवर होणारा परिणाम, हे विषय अल्प साधनांनीही हाताळता येण्याजोगे आहेत.

तूर्त एवढे निश्चित म्हणता येते : दवाखान्यात बसलेला रुग्ण ‘घोर लागला की अंग दुखते’ असे सांगतो, तेव्हा ते वाक्य त्याच्या नोंदपत्रावर थंडी, ताप आणि पाणी यांच्या बरोबरीने, एक कारण म्हणून लिहिले गेले पाहिजे.